प्रवासी मोटारसायकल : हौस आणि हिशेब

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणीसांनी आम्हांस केली, तेव्हा प्रथम आम्ही संकोचलो. ह्या व्यासपीठावरून आजवर विद्वानांची, वैद्यांची आणि उद्योजकांची भाषणे झालेली आहेत. आम्ही शिक्षणाने मॅट्रिक आणि पेशाने शाळामास्तर. सदतीस वर्षे खडू आणि फळा ह्यांच्या संगतीत काढून आम्ही निवृत्त झालो. यंत्रशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याची आमची पात्रता नाही. तथापि दोन वर्षांपूर्वी आम्ही आमची जुनी शंभर घनसेंटिमीटरची मोटारसायकल सोडून एक वापरलेली, लांब प्रवासाची मोठी मोटारसायकल घेतली, आणि तेव्हापासून आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबांतून आमच्याकडे एकच प्रश्न येऊ लागला : "मास्तर, आमचा मुलगा असलीच गाडी मागतो आहे. द्यावी की न द्यावी?" काही वडीलधाऱ्यांनी मात्र प्रश्न न विचारता, "ह्या वयात हे काय खूळ!" असा निकालच देऊन टाकला. ह्या दोन्ही पक्षांस एकाच वेळी उत्तर देता यावे म्हणून हा विषय आम्ही आज घेतला आहे.

प्रथम ही गाडी म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे. इंग्रजीत तिला 'ॲडव्हेंचर टूरर' म्हणतात. आपण तिला साहसप्रवासी मोटारसायकल म्हणू. गावात बाजारहाट करण्यासाठी जी गाडी असते ती हलकी आणि काटकसरी असते. शर्यतीची गाडी वेगवान असते, पण तिला गुळगुळीत रस्ता लागतो. साहसप्रवासी गाडी ह्या दोहोंहून निराळी. डांबरी सडक संपून खडी लागली, खडी संपून चिखल लागला, तरी तिने थांबू नये अशी तिची घडण असते. पुढचे चाक मोठे, जमिनीपासून पोटाची उंची अधिक, धक्के पचविणारे शॉकॲब्सॉर्बर लांब पल्ल्याचे, हँडल रुंद आणि उंच, टाकी मोठी, सामान बांधण्यास लोखंडी चौकटी. बसणारा पाठ ताठ ठेवून बसतो. आमच्यासारख्या माणसास ह्या शेवटच्या गुणाचे महत्त्व सर्वांत अधिक.

ह्या जातीच्या गाड्यांचा इतिहास मनोरंजक आहे. मोटारसायकलवरून दूरदेशी जाण्याची कल्पना जुनीच. रॉबर्ट फुल्टन नावाच्या अमेरिकन तरुणाने १९३२ साली डग्लस मोटारसायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा आरंभिली आणि त्या प्रवासात तो आपल्या देशातूनही गेला. पुढे १९७३ साली टेड सायमन हे इंग्रज पत्रकार ५०० घनसेंटिमीटरच्या ट्रायम्फ गाडीवरून निघाले. चार वर्षांत सुमारे १ लाख किलोमीटर फिरून ते परत गेले. त्यांनीही हिंदुस्थान पाहिला. ह्या दोघांच्या गाड्या खास अशा नव्हत्या, साध्याच होत्या. खडतर वाट आणि लांब सडक ह्या दोहोंसाठी एकच गाडी विचारपूर्वक घडविण्याचे श्रेय सामान्यतः जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीस देतात. १९८० साली तिने 'आर ८० जी/एस' ही गाडी विक्रीस आणली आणि पुढच्याच वर्षी त्या जातीच्या गाडीने पॅरिसहून डाकारला जाणारी, सहारा वाळवंटातली शर्यत जिंकली. तेथून ह्या वंशाचा विस्तार झाला.

आपल्या देशात मात्र बराच काळ ह्या गाड्या श्रीमंतांच्या आवाक्यातल्याच होत्या. सामान्य हौशी मनुष्य बुलेटवर सामान बांधून लेह-लडाखला जात असे. २०१६ साली रॉयल एनफिल्ड कंपनीने 'हिमालयन' ही ४११ घनसेंटिमीटरची गाडी बाजारात आणली, तेव्हा पहिल्यांदा मध्यम स्थितीच्या माणसास परवडेल अशी साहसप्रवासी गाडी मिळाली. २०२३ च्या अखेरीस तिची जागा त्याच नावाच्या, ४५२ घनसेंटिमीटरच्या, पाण्याने थंड होणाऱ्या नव्या गाडीने घेतली. त्यामुळे आज ४११ ची गाडी हवी असेल तर ती वापरलेलीच घ्यावी लागते. आम्ही घेतली ती हीच, २०१९ साली नोंदलेली.

आता आम्ही गाडी का बदलली, हे सांगतो. जुनी शंभराची गाडी वाईट होती असे कोणी समजू नये. बावीस वर्षे तिने आमची सेवा केली. पावसात, उन्हात, निवडणुकीच्या कामाला, शिष्यवृत्तीच्या परीक्षांना तिने आम्हांस कधी उशीर होऊ दिला नाही. परंतु निवृत्तीनंतर आमच्या मनात एक बेत होता. आमचे विद्यार्थी सातारा, रत्नागिरी, रायगड, सांगली अशा चारपाच जिल्ह्यांत विखुरलेले आहेत. कोणी शेती करतो, कोणी मासळीचा धंदा करतो, कोणी तलाठी आहे. त्यांची घरे पाहावीत, त्यांची मुले पाहावीत, अशी आमची इच्छा. शंभराच्या गाडीवर सामान बांधून आणि मागे सौभाग्यवतींना बसवून कुंभार्ली घाट चढताना ती गाडी दमते. तिचे ड्रमब्रेक उताराला तापतात, आणि खड्ड्यांचा प्रत्येक धक्का कंबरेच्या मणक्यापर्यंत पोहोचतो. एस. टी. ने जावे तर आडगावच्या गाडीची वेळ आणि आपली वेळ जमत नाही. मोटारगाडीची आमची ऐपत नाही, आणि तितकी हौसही नाही.

मग नवी का घेतली नाही? इथे हौशीने हिशेबाचा हात धरला पाहिजे. आजची नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत तीन लाखांच्या पुढे जाते. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० घनसेंटिमीटरहून मोठ्या मोटारसायकलींवरील वस्तू व सेवा कर ४० टक्के झाला आहे. तरुण मित्र म्हणतात, "मास्तर, हप्त्याने घ्या." ठीक आहे, गणित करू. तीन लाख रुपये दर साल दर शेकडा दहा दराने तीन वर्षांसाठी काढले, तर मासिक हप्ता सुमारे ९,६८० रुपये येतो. छत्तीस हप्त्यांत मनुष्य सुमारे ३ लाख ४८ हजार रुपये भरतो. म्हणजे साडेअठ्ठेचाळीस हजार रुपये केवळ व्याजाचे. आणि तीन वर्षांनी त्याच्या दारात जी गाडी उभी असते ती नवी नसते, वापरलेलीच असते! वापरलेलीच गाडी हवी, तर ती दुसऱ्याने वापरलेली, रोख पैशांत, कमी किमतीत घ्यावी, हे अंकगणित चौथीच्या मुलासही समजते. आम्हांस गाडी सव्वा लाखाच्या आत मिळाली. तितकीच रक्कम आम्ही तीन वर्षांत पोस्टात साठविली होती.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वापरलेल्या गाडीची किंमत म्हणजे विकणाऱ्यास दिलेली रक्कम नव्हे. टायर, चेन, बॅटरी, ब्रेकचे पॅड, तेल, नावबदलीचा खर्च, विमा, आणि अंगावरचे संरक्षक कपडे ह्यांसाठी किमतीचा निदान पाचवा हिस्सा बाजूला ठेवावा. ज्याच्याजवळ हा पाचवा हिस्सा नाही, त्याने अजून थोडे थांबावे, असे आमचे नम्र मत आहे.

कोणत्या सालची गाडी घ्यावी, ह्याविषयी थोडे सांगतो. सरकारी नियमांचा ह्या कामी चांगला उपयोग होतो. १२५ घनसेंटिमीटरहून मोठ्या दुचाकींना ए. बी. एस. ही ब्रेकची यंत्रणा नव्या नमुन्यांसाठी १ एप्रिल २०१८ पासून आणि सर्व गाड्यांसाठी १ एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली. जोराने ब्रेक दाबला असता चाक जागच्या जागी जखडून घसरते. ही यंत्रणा चाक जखडू लागताच दाब क्षणभर सोडते आणि पुन्हा धरते, आणि हे एका सेकंदात अनेक वेळा करते. ओल्या डांबरावर आणि घाटातल्या वाळूवर हिचे मोल कळते. म्हणून मोठी जुनी गाडी घेणाऱ्याने ए. बी. एस. असलेलीच घ्यावी, मग पाचदहा हजार अधिक पडले तरी चालतील. दुसरा टप्पा १ एप्रिल २०२० चा. त्या दिवसापासून भारत स्टेज सहा हे धुराचे कडक नियम लागू झाले. त्यापुढच्या गाड्यांचा धूर अधिक स्वच्छ, पण किंमतही अधिक. आम्ही ह्या दोन टप्प्यांच्या मधली निवडली.

आता कागदपत्रे. गाडी पाहण्यापूर्वी कागद पाहावेत. आपली माणसे उलट करतात. गाडीच्या रंगावर मन बसले की कागदातले दोष दिसेनासे होतात. आर. सी. बुकातील चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरील नंबरांशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. गाडीवर बँकेचा बोजा आहे काय, ते पाहावे. असल्यास बँकेचा ना-हरकत दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. गाडी दुसऱ्या आर. टी. ओ. कडची असेल तर तेथील ना-हरकत प्रमाणपत्र लागते, त्याचा फॉर्म २८ नंबरचा. नावबदलीचे फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर. टी. ओ. ला कळवावे, असा कायदा आहे. विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज द्यावा. पूर्वीच्या मालकाचा 'नो क्लेम बोनस' हा त्याचा असतो, गाडीबरोबर तो येत नाही. थकलेले दंड म्हणजे ई-चलान सरकारच्या 'परिवहन' संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीस सुरक्षित नंबरप्लेट बसविली आहे की नाही, हेही पाहावे.

ह्याच संदर्भात एक अनुभव सांगतो. आम्ही पाहिलेली पहिली गाडी दिसावयास अतिशय देखणी होती. विकणारा दलाल मोठा गोडबोल्या. "काका, नावबदलीची काय घाई? सही केलेला कोरा फॉर्म देतो, सवडीने करा," असे तो म्हणाला. आम्ही त्यास एवढेच विचारले की, सवडीच्या त्या काळात ह्या गाडीखाली कोणी सापडला तर न्यायालयात कोणाचे नाव पुकारतील? त्याला उत्तर देता आले नाही. आम्ही चहा पिऊन परत आलो. कोरा फॉर्म हा घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या, दोघांच्याही गळ्यातला फास आहे, हे आपल्या मुलांस अवश्य सांगावे.

कागद शुद्ध ठरले म्हणजे गाडी तपासावी. आमच्या गावच्या मिस्त्रींनी आम्हांस जे शिकविले ते क्रमाने सांगतो. मालकास आधी फोन करून सांगावे की, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर इंजिनास हात लावून ते थंड आहे की नाही पाहावे. तापवून ठेवलेले इंजिन आपले दोष लपविते. थंड इंजिन सहज सुरू झाले पाहिजे. निळसर धूर येत राहिला तर ते तेल जाळीत आहे असे समजावे. पुढच्या फोर्कच्या चकचकीत दांड्यांवरून बोट फिरवावे, तेलाचा ओशटपणा लागला तर सील गेले आहे. पुढचे चाक उचलून हँडल हळूच डावीउजवीकडे फिरवावे. मध्यावर ते अडखळले तर कोनसेट बदलावा लागेल. चेनच्या चक्राचे दाते पाहावेत. ते शार्कमाशाच्या पंखासारखे एका बाजूस झुकले असतील तर चेन आणि दोन्ही चक्रे एकदमच बदलण्याचा खर्च आहे. चाकाच्या ताऱ्या पेन्सिलीने वाजवून पाहाव्यात. सगळ्यांचा नाद जवळजवळ सारखा आला पाहिजे, एखादी भद्द वाजली तर ती सैल आहे.

टायरवर चार अंकांचा एक आकडा असतो, तो बहुतेकांस ठाऊक नसतो. २३१९ असे लिहिले असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी शिल्लक असली तरी फार जुना टायर कडक होतो आणि पावसात धरत नाही. इंजिनाखालच्या लोखंडी पत्र्यावर ओरखडे असले तर घाबरू नये, तो पत्रा त्यासाठीच असतो. परंतु चासीवर वेल्डिंगची नवी जोड किंवा ताजा रंग दिसला तर मुकाट्याने नमस्कार करून निघावे. शेवटी, मीटर थोडे किलोमीटर दाखवितो, पण पायदाण्यांचे रबर आणि हँडलच्या मुठी गुळगुळीत झाल्या आहेत, असे असेल तर मीटरपेक्षा रबराची साक्ष खरी मानावी.

गाडी घरी आली, आता चालविण्याचे शिक्षण. येथे आमच्यासारख्यांनी वयाचा अभिमान बाजूस ठेवावा. चाळीस वर्षे दुचाकी चालविली म्हणून ही गाडी आपोआप येत नाही. जुनी गाडी एकशेदहा-बारा किलोची, ही एकशेनव्वदच्या आसपासची. बैठकीची उंची ८०० मिलिमीटर म्हणजे साडेएकतीस इंच. आमची उंची पाच फूट पाच इंच. दोन्ही टाचा टेकत नाहीत, चवडे टेकतात. शाळेच्या मैदानावर एका तरुण शिक्षकाच्या देखरेखीखाली आम्ही पंधरा दिवस रोज सकाळी केवळ सावकाश वळणे आणि थांबणे शिकलो. वेगाने गाडी कोणीही चालवितो. पायी चालणाऱ्याच्या गतीने ती तोल न जाऊ देता वळविणे हे खरे कौशल्य आहे.

त्या तरुणाने एके दिवशी गाडी गवतावर मुद्दाम आडवी ठेवली आणि आम्हांस ती उचलावयास सांगितले. कंबर वाकवून उचलू गेल्यास मणका दुखावणार हे निश्चित. योग्य रीत अशी : प्रथम इंजिन बंद करावे. गाडी उजवीकडे पडली असेल तर डाव्या बाजूचा स्टँड आधी उघडून ठेवावा आणि गाडी गिअरमध्ये टाकावी, म्हणजे उभी राहिल्यावर ती पलीकडे कलंडत नाही. हँडल पूर्ण वळवून खालची मूठ टाकीजवळ आणावी. बैठकीस पाठ लावून खाली बसावे, एका हाताने मूठ आणि दुसऱ्याने मागची चौकट धरावी, आणि पाठ ताठ ठेवून लहान लहान पावलांनी मागे रेटीत जावे. बळ पायांचे लावावयाचे, कंबरेचे नव्हे. ह्या रीतीने साठी उलटलेला मनुष्यही ही गाडी उभी करू शकतो. ज्याला ती उचलता येत नाही, त्याने ती एकट्याने आडरानात नेऊ नये.

घाटाविषयीही दोन नियम सांगतो. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे. इंजिनच वेग आवरून धरते आणि ब्रेक थंड राहतात. आणि अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनास आधी वाट द्यावी. हा केवळ सभ्यतेचा भाग नव्हे, कायद्यातही तसेच आहे. खडबडीत वाटेवर पायदाण्यांवर किंचित उभे राहिल्यास गाडी आपल्या खाली मोकळेपणाने हलते आणि धक्का गुडघ्यांत विरतो. पहिल्या पावसाचा दिवस घरीच काढावा, त्या दिवशी रस्त्यावरचे तेल आणि धूळ ह्यांचा साबण होतो.

आता जे सांगावयाचे आहे ते सांगताना मन जड होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती. आणि हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९. त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. आकडे मोठे असले की मनास लागत नाहीत, म्हणून एकाच आकड्याविषयी बोलतो.

आमचा एक विद्यार्थी होता. हुशार म्हणता येणार नाही, पण अत्यंत मनमिळाऊ. शाळेच्या बागेला पाणी घालण्याचे काम त्याने आपण होऊन पत्करलेले. नोकरी लागताच त्याने कर्ज काढून मोठी, वेगवान गाडी घेतली. वडील जामीन राहिले. गाडी घेऊन अकरा महिने झाले होते. संध्याकाळी जवळच्या गावाहून परत येताना वळणावर तो घसरला. हेल्मेट होते, पण ते हँडलला अडकविलेले होते, 'इथल्या इथे तर जायचे' म्हणून. आम्ही त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याची आई काही बोलली नाही. तिने आतून ते हेल्मेट आणून आमच्यापुढे ठेवले. त्यावर एक ओरखडाही नव्हता. त्या गाडीचे उरलेले हप्ते त्याच्या वडिलांनी पुढे दोन वर्षे आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले.

मित्रहो, ह्या हकीगतीचा अर्थ मोटारसायकल वाईट असा आम्ही घेत नाही. तशी ती वाईट असती तर आम्ही घेतली नसती. अर्थ एवढाच की गाडी आणि हेल्मेट ह्या दोन वस्तू नव्हेत, एकच वस्तू आहे. आय. एस. आय. खुणेचे, डोक्यास घट्ट बसणारे, हनुवटीपर्यंत झाकणारे हेल्मेट, पट्टा आवळून, चालविणाऱ्यास आणि मागे बसणाऱ्यास. घरापासून पिठाच्या गिरणीपर्यंत जावयाचे असले तरीसुद्धा. हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट, आणि कोपर-खांद्यांस गादी असलेले जाकीट. उन्हाळ्यात उकडते हे खरे; त्यावर उपाय लवकर निघून लवकर मुक्काम करणे हा आहे.

आमच्या सौभाग्यवतींनी गाडीस संमती देताना तीन अटी घातल्या होत्या. सूर्यास्तानंतर गाडी चालवावयाची नाही. रोज मुक्कामावर पोहोचल्याचा फोन करावयाचा. आणि वर्षातून एकदा डोळे व रक्तदाब तपासून घ्यावयाचा. आम्हांस प्रथम ह्या अटी जाचक वाटल्या. आता वाटते की त्या वाहतूक खात्यासच सुचवाव्यात. साठीनंतर समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपतात, आणि धोका दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ वाढतो. हे निसर्गाचे नियम आहेत, त्यांत लाज वाटण्यासारखे काही नाही. सरकारनेही पंचावन्नच्या पुढे परवान्याचे नूतनीकरण पाचपाच वर्षांचे ठेवले आहे ते ह्याच विचाराने. आम्ही तासाभराने थांबतो, पाणी पितो, कंबर मोकळी करतो. मागून कोणी भोंगा वाजविला तर बाजूस होऊन त्याला जाऊ देतो. त्याला घाई असते, आम्हांस नसते.

गेल्या मार्गशीर्षात ह्या गाडीवर आम्ही दोघांनी जो प्रवास केला, तो थोडक्यात सांगतो. कराडहून पाटण, कोयनानगर करीत कुंभार्ली घाट उतरून चिपळूण गाठले आणि गुहागरला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी धोपाव्याच्या धक्क्यावरून गाडीसकट फेरीबोटीत चढलो आणि वासिष्ठीच्या खाडीपलीकडे दाभोळास उतरलो. तेथून दापोली, हर्णै, केळशी. वेसवीहून बागमांडल्यास दुसरी फेरी, मग हरिहरेश्वर आणि श्रीवर्धन. दिघीहून आगरदांड्यास तिसरी फेरी. परतताना महाडवरून पोलादपूर, आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर आणि साताऱ्यास घरी. गाडीने लिटरमागे सुमारे तीस किलोमीटर दिले. टाकी पंधरा लिटरची असल्याने वाटेत पेट्रोलची चिंता पडली नाही.

त्या सात दिवसांत आम्ही अकरा विद्यार्थ्यांच्या घरी गेलो. हर्णैच्या बंदरात एकाने आम्हांस ओळखले ते पाठीवरून. "गुरुजी, तुम्ही फळ्यावर लिहिताना असेच उभे राहत होता," असे तो म्हणाला. सहावीत तो दोनदा नापास झाला होता. आज त्याच्या मालकीच्या दोन होड्या आहेत. त्याने आम्हांस मासळीचा हिशेब दाखविला, आणि तो हिशेब पैन् पै बरोबर होता. हे सुख कोणत्या वाहनाने मिळाले असते, सांगा! मोटारीच्या काचेआडून तो आम्हांस दिसला नसता, आणि एस. टी. बंदरात उभी राहिली नसती.

टेड सायमन ह्यांचा उल्लेख आम्ही आरंभी केला. त्यांनी २००१ साली, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, पुन्हा मोटारसायकल काढली आणि आपली तरुणपणीची वाट परत धरली. आम्ही सायमन नव्हे, आणि आमचे जग कुंभार्लीपासून आंबेनळीपर्यंतच आहे. पण 'ह्या वयात हे काय' म्हणणाऱ्या ज्येष्ठांस आम्ही नम्रपणे विचारतो की, शरीर सांभाळून, कोणाचे ऋण न करता, कोणास अपाय न करता मनुष्य चार माणसांस भेटावयास जात असेल, तर त्यात वयाचा अपमान कोणता? घरात बसून मुलांच्या येण्याची वाट पाहण्यापेक्षा आपणच त्यांच्याकडे जावे, हे अधिक शोभते.

आईवडिलांस आमचे सांगणे असे की, मुलाने गाडी मागितली तर एकदम 'नाही' म्हणू नका, आणि एकदम 'हो'ही म्हणू नका. त्याला वहीत हिशेब मांडावयास सांगा : किंमत, विमा, दर हजार किलोमीटरचा खर्च, आणि हेल्मेट-जाकिटाची रक्कम. ज्याने तो हिशेब मांडला आणि निम्मी रक्कम स्वतः जमविली, त्याला गाडीची किंमत कळली असे समजा. जामीन राहण्यापूर्वी दोन रात्री विचार करा. मुलीने मागितली तरी कसोटी हीच लावा, निराळी लावू नका. वजनदार गाडी सांभाळण्याची विद्या बळापेक्षा युक्तीची आहे, हे आम्ही आताच सांगितले.

आणि तरुण मित्रहो, तुम्हांस एकच सांगणे. दुसऱ्याने वापरलेली गाडी घेण्यात कमीपणा मानू नका. आपल्या वडिलांच्या पिढीने जुनी पुस्तके निम्म्या किमतीत घेऊन परीक्षा दिल्या, आणि त्यांतले बरेच जण पहिल्या वर्गात आले. पुस्तक जुने असले तरी धडा नवाच असतो. गाडी किती मोठी आहे हे लोक दोन दिवस पाहतात. तुम्ही संध्याकाळी घरी परत आलात की नाही, हे तुमची आई रोज पाहते.

 ज्या कोणास वापरलेली गाडी तपासून हवी असेल, त्यांनी रविवारी सकाळी आमच्या घरी अवश्य यावे. चहाही मिळेल. पण येताना हेल्मेट घालून यावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.